कलामहर्षी बाबूराव पेंटर

सोलापूर शहराची पहाट एके काळी गिरणीच्या भोंग्याने होत असे. १८७७ साली तेथे कापडाची पहिली मोठी गिरणी सुरू झाली आणि त्यानंतर एकामागून एक अशा आणखी गिरण्या उभ्या राहिल्या. भोंगा होताच अरुंद गल्ल्यांतून स्त्रीपुरुषांचे लोंढे बाहेर पडत आणि गिरणीच्या फाटकातून आत नाहीसे होत. ही माणसे कोठून आली होती? त्यांतील कित्येकजण तेलंगणातून आलेले विणकर होते. गावी पोट भरेना, म्हणून आपले कसब तेवढे बरोबर घेऊन ते आले होते. कित्येकजण आसपासच्या कोरडवाहू गावांतील शेतकरी होते. एखाद्या दुष्काळात बैल गेले, कर्ज डोक्यावर चढले, जमीन सावकाराकडे गेली आणि नांगर धरणारे हात सुताचे तुटलेले धागे जोडू लागले. शहराने त्यांना आसरा दिला; परंतु घरदार सोडून आलेल्या माणसाच्या मनातील शिवार मात्र कोणालाच परत देता आले नाही.

अशा माणसांची कथा त्या काळी कोण सांगणार? राजवाड्यांच्या भिंतींवर त्यांची चित्रे नव्हती. चौकाचौकांत उभारलेले पुतळे गव्हर्नरांचे आणि राजेरजवाड्यांचे असत. रंगभूमीवर देव, दानव आणि राजे वावरत असत. अशा काळात कोल्हापूरच्या एका शिल्पकाराने कर्जापायी जमिनीस मुकलेल्या आणि शहराच्या आश्रयाला गेलेल्या शेतकऱ्याला आपल्या कलाकृतीचा नायक केले. मात्र ही कलाकृती त्याने दगडात कोरली नाही किंवा धातूत ओतली नाही. छायाप्रकाशाच्या साहाय्याने ती त्याने चित्रपटाच्या पडद्यावर घडविली. या शिल्पकाराचे नाव बाबूराव कृष्णराव मेस्त्री. महाराष्ट्र त्यांना कलामहर्षी बाबूराव पेंटर या नावाने ओळखतो.

बाबूरावांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात झाला. त्यांचे वडील कृष्णराव हे हरहुन्नरी कारागीर होते. लाकूड, लोखंड, हस्तिदंत यांपैकी कोणताही पदार्थ त्यांच्या हाती आला की त्याला देखणे रूप प्राप्त होत असे. चित्रे काढणे आणि मूर्ती घडविणे यांतही त्यांची गती होती. बाबूरावांचे खरे शिक्षण वडिलांच्या या कारखान्यातच झाले. शाळेत त्यांचे फारसे शिक्षण झाले नाही. कोणत्याही कलाशाळेची पदवी त्यांनी मिळविली नाही. पटाशी कशी धरावी, लोखंड किती तापवावे, लाकडाचा पोत कोणत्या दिशेने जातो हे त्यांनी पाहून, करून आणि प्रसंगी चुकून आत्मसात केले. हातांनी विचार करण्याची ही सवय त्यांना जन्मभर उपयोगी पडली.

त्या वेळी कोल्हापूरच्या गादीवर राजर्षी शाहू छत्रपती होते. मल्लविद्या, संगीत, नाटक, चित्रकला या सर्वांना त्यांच्या संस्थानात उदार आश्रय मिळत असे. दूरदूरचे गवई आणि मल्ल कोल्हापुरास येऊन राहत. आबालाल रहिमान यांच्यासारखा थोर चित्रकार याच नगरीत निसर्गचित्रे रंगवीत होता. अशा वातावरणात बाबूराव वाढले. त्यांच्या नात्यातील आनंदराव हेही त्यांच्यासारखेच कलेचे वेडे होते. दोघांची वृत्ती एक, छंद एक आणि जिद्दही एकच. दोघे मिळून नाटक मंडळ्यांसाठी पडदे रंगवू लागले.

संगीत नाटकांचा तो भरभराटीचा काळ होता. नाटकाच्या प्रत्येक प्रवेशामागे राजवाडा, अरण्य, नदीकाठ किंवा नगरातील रस्ता रंगविलेला पडदा सोडीत असत. केशवराव भोसले यांची ललितकलादर्श ही नाटक मंडळी तर तिच्या वैभवशाली देखाव्यांसाठी प्रसिद्ध होती. बाबूराव आणि आनंदराव यांनी रंगविलेले पडदे इतके हुबेहूब उतरत की सपाट कापडावरील महालाच्या ओवरीतून चालत जावे असा मोह पाहणाऱ्यास होई. लोक या दोघांना पेंटर म्हणू लागले. पुढे मेस्त्री हे आडनाव मागे पडले आणि धंद्याचे नावच त्यांचे आडनाव होऊन बसले.

१९१३ साली दादासाहेब फाळके यांचा राजा हरिश्चंद्र हा चित्रपट प्रकाशित झाला. भारतीय माणसाने भारतात तयार केलेली ही हलती चित्रे पाहून हे दोघे भाऊ भारावून गेले. आपण जन्मभर रंगविलेले पडदे स्तब्ध असतात. हा पडदा मात्र जिवंत आहे, हे त्यांच्या ध्यानात आले. झाले! चित्रपट तयार करावयाचा, या ध्यासाने त्यांना पछाडले. त्यांनी मुंबईच्या जुन्या बाजारातून चित्रपट दाखविण्याचे एक यंत्र पैदा केले. त्या यंत्रावर लोकांना चित्रपट दाखवावे, चार पैसे मिळवावे आणि त्याबरोबरच या नव्या विद्येचा अभ्यास करावा, असा त्यांचा क्रम सुरू झाला.

परंतु चित्रपट दाखविणे निराळे आणि तो तयार करणे निराळे. त्यासाठी कॅमेरा हवा. तो परदेशाहून आणावा लागे आणि त्याची किंमत सामान्य कारागिराच्या आवाक्याबाहेरची असे. तेव्हा कॅमेरा स्वतःच तयार करावयाचा, असा निश्चय या दोघांनी केला. हा निश्चय किती धाडसाचा होता, हे समजण्यासाठी त्या यंत्राची रचना ध्यानात घेतली पाहिजे. चित्रपट म्हणजे वस्तुतः हलते चित्र नव्हेच. एका लांब फितीवर ओळीने टिपलेली ती असंख्य स्थिर चित्रे असतात. मूकपटाच्या काळी एका सेकंदात अशी सुमारे सोळा चित्रे टिपीत असत. फितीच्या दोन्ही कडांना बारीक छिद्रे असतात. त्यांत यंत्राचे दाते अडकतात आणि फीत पुढे ओढली जाते. प्रत्येक चित्र टिपताना फीत क्षणभर अगदी निश्चल राहिली पाहिजे, लगेच एक घर पुढे सरकली पाहिजे आणि ती सरकत असताना झडपेने प्रकाश अडविला पाहिजे. यात केसाएवढा फरक पडला तरी सगळे चित्र थरथरते. असे सूक्ष्म यंत्र एखाद्या कारखान्याच्या मदतीवाचून, यंत्रशास्त्राचे शिक्षण नसता, केवळ पाहून बनवावयाचे होते.

काम चालू असतानाच बाबूरावांवर मोठा आघात झाला. १९१६ साली आनंदराव अकाली निधन पावले. ज्याच्या खांद्याला खांदा लावून प्रत्येक स्वप्न पाहिले तो सोबतीच गेला. काही काळ बाबूराव सुन्न होऊन गेले. परंतु अर्धवट राहिलेला कॅमेरा डोळ्यांसमोर होता. तो पुरा करणे हेच भावाचे खरे स्मारक होय, असे त्यांना वाटले असावे. विष्णुपंत दामले हे त्यांचे कुशल शिष्य मदतीस उभे राहिले. मोडणे आणि पुन्हा जुळविणे, बिघाड शोधणे आणि दुरुस्त करणे असे अविश्रांत परिश्रम चालले. अखेर १९१८ साली कॅमेरा तयार झाला. कोल्हापुरात, कारागिराच्या हातांनी घडलेल्या त्या यंत्राने चित्रे टिपली आणि ती पडद्यावर हलू लागली!

याच सुमारास कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी स्थापन झाली. बाबूरावांपाशी कला होती, यंत्र होते, शिष्य होते. पैसा मात्र नव्हता. तो तानीबाई कागलकर या गायिकेने दिला. गाण्यावर उपजीविका करणाऱ्या स्त्रीने एका नव्या, बेभरवशाच्या धंद्यात आपली पुंजी घालावी, ही गोष्ट लहान नव्हे. मराठी चित्रपटाच्या इतिहासात या स्त्रीचे ऋण कधीही न विसरण्याजोगे आहे.

कंपनीचा सैरंध्री हा पहिला चित्रपट १९२० साली पुण्यात प्रकाशित झाला. पांडव अज्ञातवासात असताना द्रौपदी विराटाच्या राजवाड्यात दासी म्हणून राहते आणि तिचा अपमान करणाऱ्या कीचकाचा भीम वध करतो, ही महाभारतातील कथा त्यात होती. राज्य गेलेले, नाव लपविलेले, परक्याच्या घरी आसऱ्यास राहिलेले पांडव हाच त्या कथेचा गाभा होय. त्या काळी नाटकांतून आणि चित्रपटांतूनही स्त्रियांच्या भूमिका बहुधा पुरुषच करीत. सैरंध्रीत मात्र स्त्रियांची कामे स्त्रियांनीच केली. त्यासाठी त्या स्त्रियांना लोकांचा रोष आणि कुचेष्टा सोसाव्या लागल्या. कीचकवधाचा प्रसंग इतका जिवंत वठला होता की तो प्रेक्षकांना सोसवेना आणि पुढे तो वगळावा लागला. लोकमान्य टिळकांनी हा चित्रपट पाहून बाबूरावांचा गौरव केला आणि त्यांना सिनेमा केसरी ही पदवी दिली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये लोकमान्यांचे निधन झाले.

बाबूरावांच्या चित्रपटांत इतरांहून वेगळे असे काय होते? याचे उत्तर त्यांच्या शिल्पकलेत सापडते. चित्रकाराला लांबी आणि रुंदी या दोनच गोष्टी हाताळता येतात. खोलीचा तो केवळ आभास निर्माण करतो. शिल्पकाराची वस्तू मात्र सर्व बाजूंनी खरी असते. तिच्याभोवती फिरता येते. तिच्यावर प्रकाश पडतो, तसा तिच्या खळग्यांत अंधारही साठतो. आरंभीच्या चित्रपटांत नाटकासारखेच रंगविलेले पडदे मागे टांगीत असत. ज्या कलेत स्वतः पारंगत होते तीच कला बाबूरावांनी चित्रपटात बाजूला सारली. त्यांनी पडद्यांऐवजी खऱ्या भिंती, खऱ्या कमानी आणि खरे उंबरे उभारले. जेथे माणसे खरोखर राहत असावीत असे वाटेल अशी घरे बांधली. प्रत्येक दृश्याचे चित्र ते आधी कागदावर रेखाटीत. पात्रांचे पोशाख, दागिने, शस्त्रे यांचीही रेखाटने करीत. चित्रण बहुधा सूर्यप्रकाशावर अवलंबून असे. परंतु १९२३ सालच्या सिंहगड या चित्रपटात त्यांनी विजेच्या दिव्यांचा उपयोग करून रात्रीची दृश्ये चित्रित केली. तानाजीच्या पराक्रमावरील हा चित्रपट पाहण्यास लोकांची झुंबड उडाली. चित्रपटांची आकर्षक भित्तिपत्रके बाबूराव स्वतः रंगवीत आणि चित्रपटाची माहिती देणाऱ्या छापील पुस्तिकाही त्यांनी काढल्या.

पौराणिक आणि ऐतिहासिक चित्रपटांनी कंपनीला कीर्ती मिळवून दिली होती. त्याच वाटेने जात राहिले असते तर बाबूरावांना पैशाची ददात पडली नसती. परंतु १९२५ साली त्यांनी एक अगदी वेगळी वाट धरली. नारायण हरी आपटे यांच्या कथेवरून त्यांनी सावकारी पाश हा मूकपट काढला. यात देव नव्हते, राजे नव्हते, चमत्कार नव्हते. होता तो एक गरीब शेतकरी आणि त्याला गिळू पाहणारा एक लोभी सावकार.

ही कथा महाराष्ट्राच्या मातीतील होती. इंग्रजी अमलात शेतसारा रोख पैशात भरावा लागे. पीक येवो अगर न येवो, साऱ्याचा हप्ता चुकत नसे. मग शेतकरी सावकाराच्या ओट्यावर जाई. त्याला लिहितावाचता येत नसे. कागदावर काय लिहिले आहे हे न कळताच तो अंगठा उठवी. अडीअडचणीत मदत करणारे सावकारही होते. परंतु ज्याच्या मनात लोभ शिरला त्याच्या हाती तो अंगठा म्हणजे फासाची दोरी ठरे. व्याजावर व्याज चढे आणि एके दिवशी वडिलोपार्जित जमीन न्यायालयाच्या हुकुमाने दुसऱ्याची होई. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे या गावी शेतकऱ्यांच्या संतापाचा स्फोट झाला आणि ठिकठिकाणी कर्जरोखे हिसकावून जाळण्यात आले. त्यानंतर १८७९ साली सरकारने शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठी कायदा केला. तो प्रथम पुणे, सातारा, अहमदनगर आणि सोलापूर या चार जिल्ह्यांना लागू झाला. यावरून या चार जिल्ह्यांतील शेतकऱ्यांची दैना केवढी होती ते दिसून येते. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळात तर सोलापूरकडील पुष्कळ कुटुंबे राहती गावे सोडून, हाडांचा सापळा झालेली गुरे हाकीत, निजामाच्या मुलखाकडे आणि वऱ्हाडाकडे निघून गेली. पावसाने दगा दिला आणि कर्जाने गाठले की गाव सोडणे हाच एक उपाय उरत असे. मुंबई आणि सोलापूर यांसारखी गिरण्यांची शहरे अशा निर्वासितांनीच भरत गेली.

सावकारी पाशातील शेतकऱ्याचे असेच झाले. सावकाराच्या कपटाने त्याची जमीन जाते. ज्या मातीत त्याचे वाडवडील राबले ती सोडून त्याला शहराची वाट धरावी लागते आणि तेथे तो गिरणीतील मजूर होतो. चित्रपटातील तरुण शेतकऱ्याची भूमिका शांताराम वणकुद्रे या तरुणाने केली. हेच पुढे व्ही. शांताराम या नावाने जगप्रसिद्ध दिग्दर्शक झाले.

मूकपटात बोलणे ऐकू येत नसे. दुःख सांगावयाचे ते चेहऱ्याने, हालचालीने आणि प्रकाशाने. येथे बाबूरावांमधील शिल्पकार पूर्ण सामर्थ्याने प्रकट झाला. मंद प्रकाशातील एक उदास खोपटे आणि जवळच रडणारा एक कुत्रा, एवढेच एक दृश्य पाहणाऱ्यांच्या मनावर असे ठसले की पुष्कळ वर्षांनीही जाणत्यांना त्याचा विसर पडला नाही. शिल्पकार दगडातील नको तेवढा भाग काढून टाकतो आणि मग मूर्ती दिसू लागते. त्याचप्रमाणे बाबूरावांनी भरजरी पोशाख, मुकुट, महाल, युद्धे हे सारे काढून टाकले आणि मग मागे उरलेला एकटा, घर हरपलेला माणूस लोकांना दिसला.

परंतु तो पाहण्याची लोकांची तयारी नव्हती. जाणकारांनी चित्रपटाची प्रशंसा केली. सामान्य प्रेक्षक मात्र त्याकडे वळला नाही. दिवसभर राबून चित्रपटगृहात येणाऱ्या माणसाला देवांचे चमत्कार पाहून आपली दुःखे क्षणभर विसरावयाची होती. तेथेही आपलेच दुःख पुढे उभे राहिलेले त्याला नको वाटले असेल. कंपनीला तर तिकिटांच्या विक्रीवरच जगावयाचे होते. बाबूराव पुन्हा पौराणिक आणि ऐतिहासिक कथांकडे वळले. लौकिक अर्थाने त्यांचा हा प्रयोग फसला. परंतु भारतातील खराखुरा समाज दाखविणाऱ्या चित्रपटांची परंपरा शोधीत गेले की आरंभी सावकारी पाशाचेच नाव येते.

यानंतरचा काळ बाबूरावांच्या कसोटीचा होता. महाराष्ट्र फिल्म कंपनी ही चित्रपटकलेची जणू पाठशाळाच होती. दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर हे तिच्यातच तयार झाले. झाडलोटीपासून छायाचित्रणापर्यंत सर्व कामे तेथे अंगावर घ्यावी लागत आणि त्यामुळे प्रत्येकजण सर्व अंगांनी घडे. हे शिष्य १९२९ साली कंपनीतून बाहेर पडले आणि त्यांनी प्रभात फिल्म कंपनी काढली. प्रभातच्या संत तुकाराम या चित्रपटाचा १९३७ साली इटलीतील व्हेनिस येथे गौरव झाला. शिष्यांची अशी भरभराट होत असताना गुरूची कंपनी मात्र मतभेद आणि पैशाची चणचण यांमुळे डबघाईस आली. काही काळानंतर ती बंद पडली. ज्या आवारात त्यांनी किल्ले आणि राजवाडे उभारले होते, ते आवार ओस पडले. इतरांच्या विस्थापनाची कथा सांगणाऱ्या या कलावंतावर स्वतःच्याच कर्मभूमीतून बाहेर पडण्याची वेळ आली.

दुसरा एखादा असता तर खचून गेला असता. बाबूराव मुळातच मितभाषी. त्यांनी कोणाविरुद्ध जाहीर तक्रार मांडीत बसण्यात वेळ दवडला नाही. त्यांना हक्काचा एक आसरा होता. लहानपणी वडिलांच्या कारखान्यात ज्या कलेची ओळख झाली त्या चित्रकलेकडे आणि शिल्पकलेकडे ते परतले. बोलपटांचा काळ आल्यावर त्यांनी अधूनमधून दिग्दर्शनही केले. १९३६ साली सावकारी पाश त्यांनी पुन्हा बोलपटाच्या रूपाने सादर केला. एकदा न चाललेली कथा अकरा वर्षांनी पुन्हा हाती घ्यावी, यावरून त्या शेतकऱ्याचे दुःख त्यांच्या मनात किती खोलवर रुतले होते ते दिसते. १९४७ सालच्या लोकशाहीर रामजोशी या गाजलेल्या चित्रपटाच्या दिग्दर्शनातही शांतारामांबरोबर त्यांचा वाटा होता. हे शाहीर रामजोशी सोलापूरचेच.

पुतळा घडविणे हे मोठे चिकाटीचे काम असते. प्रथम लोखंडी सांगाडा उभारावयाचा, त्यावर मातीचे थर चढवीत आकृती साधावयाची, मग तिचा साचा घ्यावयाचा आणि शेवटी त्या साच्यात धातूचा रस ओतावयाचा. माती ओली ठेवावी लागते. रस ओतताना जरा हयगय झाली तर महिन्यांची मेहनत वाया जाते. बाबूरावांचे हात या कामात मुरलेले होते. कोल्हापुरातील एका चौकात पूर्वी मुंबई इलाख्याच्या इंग्रज गव्हर्नराचा पुतळा होता. स्वातंत्र्याच्या चळवळीच्या काळात लोकांना तो सलू लागला. तो जाऊन त्या जागी १९४५ साली छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळा उभा राहिला आणि तो घडविण्याचा मान बाबूरावांना मिळाला. परक्या सत्तेची खूण गेली आणि रयतेच्या गवताच्या काडीलाही हात लावू नये अशी ताकीद आपल्या सैन्याला देणाऱ्या राजाची मूर्ती तेथे आली. सावकारी पाश काढणाऱ्या शिल्पकाराला ही मूर्ती घडविताना केवढे समाधान लाभले असेल!

त्या वर्षांत कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे महायुद्धामुळे देशोधडीस लागलेली सुमारे पाच हजार पोलिश माणसे आश्रयास राहिली होती. त्यांत बहुतेक स्त्रिया आणि मुले होती. घर हिरावणारा कोठे सावकार असतो, कोठे दुष्काळ असतो, कोठे युद्ध असते. घर सोडणाऱ्याची व्यथा मात्र सर्वत्र एकच असते. म्हणूनच सावकारी पाशाचा विषय जुना झाला नाही. १९५३ साली बिमल रॉय यांचा दो बीघा जमीन हा चित्रपट आला. आपली जमीन वाचविण्यासाठी कलकत्त्यास जाऊन रिक्षा ओढणाऱ्या शेतकऱ्याची ती कथा देशोदेशी वाखाणली गेली. अठ्ठावीस वर्षांपूर्वी ज्या विषयाकडे प्रेक्षकांनी पाठ फिरविली होती, तोच विषय आता त्यांना आपलासा वाटू लागला होता. काळाच्या पुढे चालणाऱ्या कलावंताची वाट लोकांना उशिरा दिसते, हेच खरे.

१६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापुरातच बाबूरावांचे निधन झाले. मूकपटांच्या फिती नाजूक असत. उष्णता, दमट हवा आणि आग यांपुढे त्यांचा टिकाव लागत नसे. त्या काळच्या बहुतेक चित्रपटांप्रमाणे बाबूरावांच्या कृतींपैकीही फार थोडे अवशेष उरले आहेत. परंतु कारागिराच्या घरात जन्मलेल्या, शाळेत फारसे न शिकलेल्या या माणसाने स्वतःच्या हातांनी यंत्र घडविले, शिष्य घडविले आणि चित्रपटाला माणसाच्या खऱ्या सुखदुःखाकडे पाहण्याची दृष्टी दिली. सोलापूरच्या गिरणीत किंवा मुंबईच्या चाळीत हरवून गेलेल्या नाव नसलेल्या शेतकऱ्याकडेही कलावंताने तितक्याच आदराने पाहावे, जितक्या आदराने तो राजाकडे पाहतो, हा धडा त्यांनी आपल्या कृतीने घालून दिला. कलामहर्षी ही पदवी महाराष्ट्राने त्यांना प्रेमाने दिली आणि त्यांनी ती आपल्या तपश्चर्येने सार्थ केली.